औषधांची अ‍ॅलर्जी

औषधांची अ‍ॅलर्जी (अधिहृषता) म्हणजे योग्य मात्रेत घेतलेल्या औषधाला शरीराच्या रोगप्रतिकारसंस्थेने दिलेली अनिष्ट प्रतिक्रिया होय. अंगावर पित्त उठणे हे तिचे सर्वांत परिचित लक्षण आहे. बहुतेक प्रतिक्रिया सौम्य असतात व औषध थांबवल्यावर ओसरतात. मात्र तीव्रग्राहिता (अ‍ॅनाफायलॅक्सिस) आणि त्वचा सोलवटणारे काही विकार जीवघेणे ठरू शकतात. औषधाचा प्रत्येक दुष्परिणाम म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे. वेदनाशामकाने होणारी जळजळ, प्रतिजैविकाने होणारे जुलाब किंवा सर्दीच्या गोळीने येणारी झोप हे औषधाच्या नेहमीच्या क्रियेचे परिणाम असून त्यांत रोगप्रतिकारसंस्थेचा सहभाग नसतो.

नाव

मराठीत अंगावर उठणाऱ्या खाजऱ्या, लालसर, फुगीर चकत्यांना ‘पित्त’ किंवा ‘गांधी’ म्हणतात. आयुर्वेदात यासाठी ‘शीतपित्त’ ही संज्ञा आहे. बोलीभाषेत पोटातील आम्लतेलाही ‘पित्त’च म्हणत असल्याने अंगावरील गांधींसाठी आम्लतेवरील गोळी घेतली जाते आणि मूळ कारण असलेले औषध चालूच राहते. आमसुलाचा कोळ अंगाला लावण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. त्याने त्वचेला गारवा मिळत असला तरी शरीरात सुरू झालेली प्रतिक्रिया थांबत नाही.

इतिहास

फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल रिशे व पॉल पोर्तिए यांनी १९०२ मध्ये ‘अ‍ॅनाफायलॅक्सिस’ ही संज्ञा मांडली. या संशोधनासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द घडवला. त्यापूर्वी त्यांनी बेला शिक यांच्यासह घोड्याच्या रक्तरसापासून केलेल्या औषधांमुळे होणाऱ्या विकाराचे वर्णन केले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर पेनिसिलिनचा वापर वाढला, तसे त्याच्या अ‍ॅलर्जीचे रुग्णही दिसू लागले. भारतात पेनिसिलिनच्या उत्पादनासाठी १९५४ मध्ये पुण्याजवळील पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला.

कारणे व प्रक्रिया

बहुतेक औषधांचे रेणू इतके लहान असतात की रोगप्रतिकारसंस्था त्यांची स्वतंत्र दखल घेत नाही. ते शरीरातील प्रथिनांना चिकटले की ती जोडी परकी समजली जाते. पहिल्या वापरात शरीर संवेदनशील बनते आणि पुढील वापरात प्रतिक्रिया उमटते. त्यामुळे पूर्वी सोसलेले औषधही नंतर बाधू शकते.

तत्काळ प्रकारात आयजीई ही प्रतिपिंडे मास्ट पेशींना चिकटलेली असतात. औषध पुन्हा येताच या पेशींतून हिस्टामिन व इतर द्रव्ये बाहेर पडतात. रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांतून द्रव झिरपतो आणि गांधी उठतात. ही प्रतिक्रिया सहसा काही मिनिटांत ते तासाभरात दिसते. विलंबित प्रकारात टी-पेशींचा सहभाग असतो व पुरळ काही दिवसांनी, क्वचित काही आठवड्यांनी येते. 

अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी उठणारे पित्त अनेकदा आयजीईशिवाय, शरीरातील रासायनिक समतोल बदलल्याने येते. अशा व्यक्तीला या गटातील एकाहून अधिक औषधे बाधू शकतात.

कारणीभूत औषधे

* प्रतिजैविके : पेनिसिलिन, अ‍ॅमॉक्सिसिलिन, सेफॅलोस्पोरिन गट, सिप्रोफ्लॉक्सासिन व को-ट्रायमॉक्साझोलसारखी सल्फायुक्त औषधे.
* वेदनाशामके व ज्वरनाशके : अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक आम्ल. पॅरासिटामॉलची अ‍ॅलर्जी तुलनेने विरळ आहे.
* अपस्मारावरील औषधे : कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन.
* युरिक आम्ल कमी करणारे अ‍ॅलोप्युरिनॉल.
* रक्तदाबावरील एनालाप्रिल, रॅमिप्रिल इत्यादी औषधे. यांनी ओठ, जीभ वा चेहरा सुजू शकतो. ही सूज औषध सुरू केल्यावर महिन्यांनी किंवा वर्षांनीही येते आणि अ‍ॅलर्जीवरील नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही.
* सर्पविषरोधक रक्तरस, क्ष-किरण तपासणीतील आयोडीनयुक्त द्रव्ये व भूल देताना वापरली जाणारी स्नायू शिथिल करणारी औषधे.

लक्षणे

पित्तात चकत्या जागा बदलतात. एक चकती साधारणतः २४ तासांच्या आत मावळते व दुसरीकडे नवी उठते. पापण्या व ओठ यांवर खोलवर सूजही येऊ शकते. गोवरासारखी बारीक पुरळ हा विलंबित प्रतिक्रियेचा नेहमीचा प्रकार आहे. काहींच्या अंगावर एखादा गोल, काळपट डाग पडतो आणि तेच औषध पुन्हा घेतल्यावर तो नेमका त्याच जागी उमटतो. याला स्थिर औषधपुरळ म्हणतात.

पित्तासोबत श्वास लागणे, घसा आवळणे, आवाज बसणे, वारंवार उलट्या, चक्कर किंवा शुद्ध हरपणे ही लक्षणे असल्यास ती तीव्रग्राहिता समजली जाते. काही रुग्णांत त्वचेवर काहीही न दिसता एकदम रक्तदाब कोसळतो. 

ताप, डोळ्यांची लाली, तोंडातील व्रण, त्वचेची वेदना आणि फोड ही स्टीव्हन्स-जॉन्सन विकाराची लक्षणे आहेत. अमेरिकी डॉक्टर अल्बर्ट स्टीव्हन्स व फ्रँक जॉन्सन यांनी १९२२ मध्ये त्याचे वर्णन केले. ड्रेस या विकारात पुरळ व तापाबरोबर यकृत, मूत्रपिंड आदी अवयवांनाही इजा होते. मासिक पाळीतील वेदनांसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक आम्लाने हा विकार होऊ शकतो, असा इशारा भारतीय औषधकोश आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिला.

निदान

निदानाचा मुख्य आधार म्हणजे रुग्णाची हकीकत. कोणते औषध, किती मात्रेत, केव्हा घेतले आणि लक्षणे किती वेळाने आली, हे त्यात पाहतात. विषाणुसंसर्गातही पित्त व पुरळ येत असल्याने तापातील पुरळेचा दोष अनेकदा औषधावर चुकीने येतो. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्याचे सांगणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के किंवा त्याहून अधिक लोकांना तज्ज्ञांच्या तपासणीनंतर ते औषध सोसते, असे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे. चुकीचा शिक्का बसल्यास रुग्णाला अधिक महाग व कमी परिणामकारक प्रतिजैविके घ्यावी लागतात. इंजेक्शनापूर्वीची त्वचाचाचणी निर्दोष आली तरी प्रतिक्रिया येणारच नाही, याची हमी नसते.

उपचार

संशयित औषध थांबवणे हा पहिला उपचार होय. नियमित चालणारे औषध असल्यास पर्याय डॉक्टर ठरवतात. अपस्मारावरील औषध एकदम बंद केल्यास झटके येऊ शकतात, तर त्याच औषधाने फोड येत असल्यास ते चालू ठेवणे घातक असते. म्हणून अशा वेळी त्याच दिवशी वैद्यकीय सल्ला आवश्यक ठरतो. साध्या पित्तावर सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन यांसारखी हिस्टामिनरोधके देतात.

तीव्रग्राहितेवर अ‍ॅड्रेनॅलिन हाच प्रमुख उपचार आहे. ते मांडीच्या बाहेरील स्नायूत टोचतात. प्रौढांसाठी मात्रा ०.५ मिलिग्रॅम असते व गरजेनुसार ५ मिनिटांनी पुन्हा देतात. हिस्टामिनरोधके किंवा स्टेरॉइडची इंजेक्शने त्याची जागा घेऊ शकत नाहीत. रुग्णाला आडवे ठेवून पाय उंचावतात. श्वास लागत असल्यास टेकून बसवतात. एकदम उभे केल्यास रक्तदाब आणखी कोसळण्याचा धोका असतो. लक्षणे ओसरल्यावर काही तासांनी पुन्हा उलटू शकतात, म्हणून रुग्णाला देखरेखीखाली ठेवतात.

ग्रामीण महाराष्ट्रातील संदर्भ

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील आखाडा बाळापूरसारख्या गावांच्या परिसरात शेती हा मुख्य व्यवसाय असून सर्पदंश हा शेतकामातील नित्याचा धोका आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषावर भारतात वापरला जाणारा रक्तरस घोड्यांपासून तयार करतात. त्याची प्रतिक्रिया येऊ शकते, तरीही विषबाधेची लक्षणे असलेल्या रुग्णाला तो नाकारला जात नाही. तो देताना अ‍ॅड्रेनॅलिन हाताशी ठेवतात आणि प्रतिक्रिया आल्यास तो थांबवून, उपचार करून पुन्हा सुरू करतात. आधी त्वचाचाचणी करण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करत नाही, कारण तिने प्रतिक्रियेचे भाकीत होत नाही आणि मोलाचा वेळ जातो. गंभीर रुग्णांसाठी या भागाला नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा आधार आहे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून उपलब्ध आहे.

चिठ्ठीशिवाय घेतलेल्या, पाकिटातून सुट्या कापून दिलेल्या गोळ्यांवर बहुधा नाव उरत नाही. परिणामी प्रतिक्रिया आल्यावर दोषी औषध ओळखता येत नाही.

प्रतिबंध व नोंद

एकच औषध अनेक व्यापारी नावांनी विकले जाते. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन व पॅरासिटामॉल असते, तर डिस्प्रिनमध्ये अ‍ॅस्पिरिन असते. म्हणून बाधलेल्या औषधाचे व्यापारी नावाऐवजी मूळ नाव, प्रतिक्रियेचे स्वरूप व तारीख यांची लेखी नोंद उपयुक्त ठरते. ती डॉक्टर, दंतवैद्य व औषधविक्रेता या तिघांनाही दाखवता येते.

भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेण्यासाठी २०१० मध्ये राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम सुरू झाला. गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोग हे त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र आहे. रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर नोंद करू शकतात. त्यासाठी औषधच दोषी असल्याचे सिद्ध करावे लागत नाही, संशय पुरेसा असतो.