१७. ‘छत्तारी गेले नि लातूरच्या वकिलाचं राज्य आलं’

छत्तारी म्हणजे नवाब अहमद सईद खान, निजामाचे पंतप्रधान. छत्तारी हे त्यांच्या बुलंदशहरकडच्या जहागिरीचे नाव. लातूरचा वकील म्हणजे रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी. निजामाच्या कार्यकारी मंडळाने ऑक्टोबर १९४७ मध्ये भारताशी ‘जैसे थे’ कराराचा मसुदा मंजूर केला होता. निजाम मीर उस्मान अलीची सही तेवढी बाकी होती. वाटाघाटींचे शिष्टमंडळ दिल्लीला निघण्याआधी, २७ ऑक्टोबरच्या पहाटे तीनच्या सुमारास, जमावाने त्या शिष्टमंडळातले छत्तारी, सर सुलतान अहमद आणि निजामाचे इंग्रज कायदेपंडित वॉल्टर मॉन्क्टन यांच्या घरांना वेढा घातला. निजामाने जमाव पांगवण्याऐवजी रझवीलाच सल्ल्याला बोलावले. भारत काश्मीरमध्ये गुंतला आहे, आणखी पदरात पाडून घेऊ, असे रझवीने निजामाला पटवले. तिघांनी राजीनामे दिले. नव्या शिष्टमंडळाने पदरात काय पाडले? २९ नोव्हेंबरला जवळपास त्याच मसुद्यावर सही झाली. छत्तारींच्या जागी मीर लायक अली आले. रझवीला आवर घालणे त्यांना जमले नाही, आणि तशी इच्छा कितपत होती हाही प्रश्नच. लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावण्याची रझवीची भाषा पुढच्याच वर्षातली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान शरण आले. मजकुरात ‘आमचा परभणी जिल्हा’ येतो तो यामुळे, की हिंगोली तेव्हा परभणीतला तालुका होता. स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ पासून. — संपा.