एक नळी की दोन?

दिवाळीच्या पहाटे पहिला फटाका कोणी वाजवायचा, यावरून आपल्या वाड्यांत आणि चाळींत पूर्वी केवढी चढाओढ असे! ज्याचा आवाज मोठा त्याचा मान मोठा, असा तो बालपणीचा हिशेब. पुढे माणूस पोक्त होतो, नोकरीधंद्याला लागतो. पण तो हिशेब मनातून पुरता पुसला जात नाही. हाती चार पैसे अधिक असले की तो स्पोर्ट्‌स मोटार घेतो, आणि महिना लोटत नाही तोच गाडीच्या मागे वाकून पाहू लागतो. कारखान्याने दिलेला सायलेन्सर काढून बाजारातला दुसरा बसवावा काय? आणि बसवायचाच, तर धुराची नळी एक असावी की दोन?

प्रश्न हौशीचा खरा. पण त्यामागे मोठा इतिहास आहे, आणि उत्तरही त्या इतिहासातच आहे.

मोटारीच्या इंजिनात इंधन पेटते ते सलग नव्हे, ठोक्याठोक्याने. जळलेला वायूही तसाच एकेका धक्क्याने बाहेर पडतो. तो मोकळा सोडला तर कानठळ्या बसतील. म्हणून अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या मिल्टन आणि मार्शल रीव्ह्‌ज या बंधूंनी १८९७ साली सायलेन्सरचे पेटंट घेतले. पण आवाज अडवायचा म्हणजे बहुधा वायूचीही वाट थोडी अडवायची, आणि वायूची वाट अडली की तो बाहेर ढकलण्यात इंजिनाची काही शक्ती खर्ची पडायची. शांतता आणि शक्ती यांची ही ओढाताण तेव्हापासून चालू आहे.

१९३२ साली हेन्री फोर्डने आठ सिलिंडरांचे, पासष्ट अश्वशक्तीचे इंजिन सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत घातले. पंगतीच्या दोन ओळी समोरासमोर बसाव्यात, तसे चार सिलिंडर या बाजूला आणि चार त्या बाजूला. मात्र दोन्ही बाजूंचा धूर शेवटी एकाच नळीत आणून सोडला होता. दक्षिण कॅलिफोर्नियातले तरुण या गाड्या जुन्या भावात घेत, आणि कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर त्या पळवीत. १९३७ साली त्यांच्या क्लबांची एक संघटनाही उभी राहिली. या पोरांनी दोन्ही बाजू वेगळ्या करून प्रत्येकीला स्वतंत्र नळी दिली. वायूची गर्दी मोडली, इंजिन वरच्या वेगात मोकळा श्वास घेऊ लागले. शिवाय आवाजही पालटला. या इंजिनात ठोके एकदा इकडे, एकदा तिकडे असे नेमाने पडत नाहीत. मधूनच एका बाजूला लागोपाठ दोन पडतात. त्यामुळे प्रत्येक नळीतून ती घोगरी, अडखळती गुरगुर येते, जिच्यावर अमेरिकन मन लुब्ध झाले. गंमत अशी की, पुढे याच दोन नळ्यांना मध्ये एका आडव्या नळीने जोडण्याची रीत पडली. एकीकडची गर्दी दुसरीकडे वळावी, एवढाच हेतू! सख्खे भाऊ वेगळे निघाले तरी मधल्या भिंतीत एक दार ठेवतात, तशातलाच हा प्रकार.

इंग्लंडात निराळाच मासला दिसतो. १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात जॅग्वारची एक्सके १२० ही गाडी आली. तिचे सहा सिलिंडर एकाच ओळीत होते. साध्या गाडीची शक्ती १६० अश्वशक्ती, तर पुढे निघालेल्या खास आवृत्तीची १८०. आणि तिला नळ्या दोन. एका ओळीला दोन कशाला, असे कोणी विचारील. पण या इंजिनात ठोका एकदा पुढच्या तिघांत आणि एकदा मागच्या तिघांत पडतो. तीन-तीन सिलिंडरांना वेगळी नळी दिली की प्रत्येकीत ठोके अगदी समान अंतराने येतात. अर्थात वीस अश्वशक्तींची ती वाढ एकट्या नळीची नव्हे. त्या आवृत्तीत व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडाही बदललेला होता. नळी विकणारा दुकानदार हे सांगायला सहसा विसरतो.

आता या व्यापाराच्या खऱ्या महापुरुषाकडे येऊ. कार्लो आबार्थ १९०८ साली व्हिएन्नात जन्मला. तो मोटारसायकलच्या शर्यतींत गाजलेला गडी. १९३४ साली तर त्याने साइडकार घेऊन ओरिएंट एक्स्प्रेस या आगगाडीशीच शर्यत लावली होती. १९४९ साली त्याने इटलीत स्वतःची कंपनी काढली आणि आपली रास वृश्चिक म्हणून विंचवाचे चिन्ह घेतले. शर्यतीच्या गाड्यांचा खर्च मोठा. त्याला मोठा हातभार लागला तो सायलेन्सरच्या विक्रीचा. युद्धाने पिचलेल्या इटलीत फियाटची चिमुकली गाडी हेच घरोघरचे स्वप्न होते. १९५५ साली निघालेल्या फियाट ६०० चे इंजिन चार सिलिंडरांचे, अवघे ६३३ घन सेंटिमीटर. तिच्या मागे आबार्थचा काळा सायलेन्सर आणि त्यातून डोकावणाऱ्या दोन चकचकीत नळ्या लागल्या की कारकुनालाही आपण शर्यतवीर झाल्यासारखे वाटे!

पण त्या दोन नळ्या एकाच डब्यातून निघत. गुण होता तो डब्याच्या आतल्या मोकळ्या वाटेत. दुसरी नळी हा दागिना. दागिना घालू नये असे नाही, पण त्याला औषध समजू नये.

मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ सालापर्यंत धावलेली काळी-पिवळी फियाट आठवा. तिचेही इंजिन चार सिलिंडरांचेच, आणि तिला एक नळी जन्मभर पुरली.

तेव्हा नळ्या मोजण्याआधी इंजिन पाहावे. ते मुळातच दोन फळ्यांत विभागलेले असेल, तर दोन नळ्यांना अर्थ आहे. चार सिलिंडरांची एकच ओळ असेल, तर योग्य मापाची एक नळी हलकीही पडते आणि स्वस्तही. मापाबाहेर रुंद नळी घेतली तर वायूचा वेग मंदावतो आणि खालच्या वेगातला जोर हरवतो.

आणि शेवटची गोष्ट. फटाका वर्षातून चार दिवस वाजतो, म्हणून शेजारी हसून सोसतो. गाडी तर रोज रात्री घरी येते. शेजारच्या घरात पाळणा असेल, एखादे आजारी माणूस नुकतेच डोळा लागून पडले असेल. आवाजाची मर्यादा आपल्याकडे कायद्याने घातली आहेच; पण कायदा रात्री गल्लीच्या तोंडाशी उभा नसतो. तिथे उभा असतो तो आपला आपणच.