मधला स्पीकर

आमच्याकडे सध्या होम थिएटरवरून एक छोटंसं महाभारत चालू आहे. नोकरी लागल्याच्या उत्साहात मी एक फाइव्ह पॉइंट वनचा तयार सेट घेतला होता. पाच चिमुकले स्पीकर आणि एक दणदणीत सबवूफर! पहिल्याच रात्री खालच्या काकू 'काय झालं?' म्हणून वर आल्या, तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता. पण हल्ली पिक्चर लावला की बाबा उठून आतल्या खोलीत जुन्या टीव्हीसमोर जाऊन बसतात. विचारलं तर म्हणाले, "तुझ्या यंत्रात बॉम्ब छान फुटतात रे, पण माणसं काय बोलतात ते कळत नाही."

झालं! गेल्या शनिवारी नवा सेट बघायला लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदार वॅट आणि सबवूफरचे इंच सोडून बोलायलाच तयार नाही. घरी येऊन वाचायला बसलो आणि खरेदी राहिली बाजूला, इतिहासातच घुसलो.

काय गंमत आहे बघा. स्टिरिओ म्हणजे दोन स्पीकर हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण २७ एप्रिल १९३३ ला अमेरिकेत बेल लॅब्जने जो प्रसिद्ध प्रयोग केला, त्यात स्पीकर होते तीन. ऑर्केस्ट्रा वाजत होता फिलाडेल्फियात आणि लोक ऐकत होते वॉशिंग्टनच्या सभागृहात. तीन माइक, तीन लाइनी, तीन स्पीकर. कंडक्टर स्टोकोव्स्की स्वतः वॉशिंग्टनमध्ये आवाजाची बटणं फिरवत बसले होते. मधला कशाला? तर दोनच स्पीकर असले की मधून आल्यासारखा वाटणारा आवाज हा निव्वळ भास असतो, आणि तो बरोबर मध्ये बसणाऱ्यालाच होतो. जरा बाजूला सरका, जवळच्या स्पीकरचा आवाज कानाशी आधी पोचतो आणि मेंदू त्याचंच ऐकतो. एकट्या माणसाला दोन पुरतात, सभागृहाला नाही. हेच स्टोकोव्स्की १९४० च्या डिस्नेच्या 'फँटेसिया'त होते आणि तिथेही पडद्यामागे तीन चॅनल.

मग घरात दोनच कसे आले? तबकडीमुळे! रेकॉर्डच्या खाचेला भिंती दोनच. एका भिंतीवर डावा आवाज, दुसरीवर उजवा. १९५८ च्या सुमाराला अशा स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि मधला स्पीकर घराबाहेरच राहिला. कानाची गरज नव्हे, खाचेची सोय!

थिएटरने मात्र त्याला सोडलं नाही. ७० एमएमच्या मूळ पद्धतीत फिल्मवर सहा चुंबकीय पट्टे. पाच पडद्यामागे, एक प्रेक्षागृहात. आपला 'शोले' १९७५ साली सहा ट्रॅकमध्ये आला, आणि बाबांनी तो 'मिनर्व्हा'ला पाहिला (तेही लॅमिंग्टन रोडवरच, बरं का). नाणं पडल्यावर शेजारचा माणूस खुर्चीखाली वाकून बघत होता, हे आम्ही किमान पन्नास वेळा ऐकलंय.

पुढे डॉल्बीने ३५ एमएमच्या दोनच पट्ट्यांत चार चॅनल कोंबले. मधला आवाज दोन्हीकडे सारखा, मागचा आवाज दोन्हीकडे उलट्या फेजमध्ये. बेरीज केली की मधला, वजाबाकी केली की मागचा. बारावीचं गणित हो! हेच दोन पट्टे व्हिडिओ कॅसेटवर जसेच्या तसे उतरले, म्हणून १९८२ मध्ये घरगुती डीकोडर निघाले. पण त्यांनी काय केलं? बहुतेकांनी फक्त वजाबाकी! लोकांना पाठीमागून हेलिकॉप्टर ऐकायचं होतं ना. घरात मधला स्पीकर खऱ्या अर्थाने आला तो १९८७ च्या प्रो लॉजिकपासून. आणि १९९२ ला 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर थिएटरात डॉल्बी डिजिटल आलं, तेव्हा मधल्याला स्वतःचा वेगळा चॅनल मिळाला. चित्रपटातले बहुतेक संवाद त्यातूनच येतात. सबवूफरचा तो 'पॉइंट वन' जेमतेम १२० हर्ट्झपर्यंतचा, त्यात कुणी बोलत नाही.

एवढं वाचून उठलो आणि आमचा मधला स्पीकर शोधला. शोकेसमध्ये, गणपतीच्या मूर्तीमागे, क्रोशाच्या रुमालाखाली! म्हणजे घरातले सगळे संवाद त्या रुमालातून गाळून येत होते. आणि बाबांची खुर्ची खिडकीशी, एका टोकाला.

स्पीकर पुढे कडेला आणला, बाबांच्या खुर्चीकडे जरा वळवला, सेटिंगमध्ये त्याची पातळी तीन डेसिबलने वाढवली. खर्च शून्य. नवीन घ्यायचं तेव्हा एकाच मालिकेतले डावा-मधला-उजवा असे तीन बऱ्यापैकी घेणार, म्हणजे आवाजाचा पोत जुळतो. सबवूफर आहे तोच चालेल. (दुकानदार नाराज होईल, असो.)

रविवारी 'शोले' लावला. बाबा आधी दारातच उभे होते, मग खुर्चीत येऊन बसले. नाणं पडायच्या जरा आधी म्हणाले, "आवाज थोडा कमी कर."