कंपनी नियंत्रकांची ओळख पडताळणी

कंपनी नियंत्रकांची ओळख पडताळणी म्हणजे कंपनीचा कारभार पाहणारे संचालक आणि तिच्यावर अप्रत्यक्ष नियंत्रण ठेवणारे खरे मालक कोण आहेत, हे कागदपत्रांच्या आधारे निश्चित करण्याची कायदेशीर प्रक्रिया होय. भारतात ती मुख्यतः कंपनी अधिनियम, २०१३ व त्याखालील नियमांनुसार चालते. संचालक ओळख क्रमांक आणि महत्त्वपूर्ण लाभार्थी मालकाची नोंद हे तिचे दोन प्रमुख आधार आहेत. कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती असली, तरी तिच्या वतीने स्वाक्षरी माणूसच करतो. त्या स्वाक्षरीमागे खरा, शोधता येईल असा माणूस असावा, हा या नियमांचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

१९९०च्या दशकात जनतेकडून भांडवल गोळा करून अनेक कंपन्या नाहीशा झाल्या. त्यांच्या संचालकांचा माग काढणे अवघड ठरले, कारण एकच व्यक्ती निरनिराळ्या नावांनी व पत्त्यांनी नोंदलेली असू शकत होती. २००६च्या दुरुस्तीने कंपनी अधिनियम, १९५६ मध्ये संचालक ओळख क्रमांकाची तरतूद करण्यात आली. याच वर्षी एमसीए-२१ या प्रकल्पाद्वारे कंपन्यांची कागदपत्रे ऑनलाइन दाखल होऊ लागली. त्यामुळे बोरिवली वा मुलुंडच्या उद्योजकाला प्रत्येक अर्जासाठी मरीन ड्राइव्हवरील कंपनी निबंधक कार्यालय गाठण्याची गरज उरली नाही. मात्र अर्जदार समोर येत नसल्याने त्याची ओळख पटवण्याचे महत्त्व वाढले.

संचालक ओळख क्रमांक

हा आठ अंकी क्रमांक 'डिन' या संक्षेपाने ओळखला जातो. कलम १५२ नुसार या क्रमांकाशिवाय कोणाचीही संचालकपदी नेमणूक होऊ शकत नाही; कलम १५५ नुसार एका व्यक्तीला एकापेक्षा अधिक क्रमांक घेता येत नाहीत. व्यक्ती कितीही कंपन्यांत संचालक असली, तरी क्रमांक तोच राहतो. एका व्यक्तीने जास्तीत जास्त वीस कंपन्यांत संचालक असावे, ही कलम १६५ मधील मर्यादा त्यामुळे तपासता येते.

भारतीय नागरिकाच्या अर्जासाठी आयकर खात्याचे पॅन आणि परदेशी नागरिकाच्या अर्जासाठी पारपत्र आवश्यक असते. अर्जात वडिलांचे नाव द्यावे लागते. विवाहित स्त्रियांनाही हाच नियम लागू आहे. महाराष्ट्रात विवाहानंतर मधले नाव म्हणून पतीचे नाव लावण्याची रीत आहे. पॅनवर माहेरचे नाव आणि आधारपत्रावर सासरचे नाव असेल, तर अर्ज करण्यापूर्वी दोन्हींत मेळ घालावा लागतो.

२०१८ची पडताळणी

कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१७ मध्ये दोन लाखांहून अधिक निष्क्रिय कंपन्यांची नावे नोंदवहीतून काढून टाकली. सलग तीन वर्षे वार्षिक हिशेब न सादर करणाऱ्या कंपन्यांचे तीन लाखांहून अधिक संचालक अपात्र ठरवण्यात आले. त्यानंतर जुलै २०१८ मध्ये नियम १२-अ अन्वये क्रमांकधारकांची पडताळणी सुरू झाली. प्रत्येकाला स्वतःचा भ्रमणध्वनी क्रमांक व ईमेल पत्ता देऊन त्यांवर आलेला सांकेतिक अंक नोंदवावा लागला. अर्जावर संचालकाची डिजिटल स्वाक्षरी आणि सनदी लेखापाल, परिव्यय लेखापाल किंवा कंपनी सचिव यांचे प्रमाणन आवश्यक होते. मुदत चुकल्यास क्रमांक निष्क्रिय होई व तो पुन्हा सुरू करण्यासाठी पाच हजार रुपये शुल्क पडे. तपशिलात बदल नसलेल्यांसाठी २०१९ मध्ये संकेतस्थळावरील सोपी पद्धत आली.

कंपनीच्या पत्त्याचीही तपासणी झाली. फेब्रुवारी २०१९ मधील नियमाने नोंदणीकृत कार्यालयाचे बाहेरील व आतील छायाचित्र मागितले. त्यात किमान एक संचालक किंवा प्रमुख व्यवस्थापकीय अधिकारी दिसणे बंधनकारक होते.

खऱ्या मालकाची नोंद

संचालकांची ओळख पटली, तरी मालक कोण हा प्रश्न उरतोच. कलम ९० व २०१८च्या नियमांनुसार अप्रत्यक्षपणे किमान दहा टक्के समभाग, मताधिकार वा लाभांश असलेली, किंवा अन्य मार्गाने नियंत्रण ठेवणारी व्यक्ती ही महत्त्वपूर्ण लाभार्थी मालक होय. तिने कंपनीकडे घोषणापत्र द्यायचे आणि कंपनीने ते तीस दिवसांत निबंधकाला कळवायचे असते.

उदाहरणार्थ, घाटकोपरमधील 'अ' कंपनीचे तीस टक्के समभाग 'ब' कंपनीकडे आहेत आणि 'ब'चे साठ टक्के समभाग एका व्यक्तीकडे आहेत. तर ती व्यक्ती 'अ'ची लाभार्थी मालक ठरते. 'ब'मधील तिचा हिस्सा चाळीस टक्केच असेल, तर केवळ समभागांच्या आधारे ती ठरत नाही, कारण तेथे बहुमताचा हिस्सा लागतो. हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावे समभाग असल्यास कर्त्याचे नाव नोंदले जाते.

मे २०२४ मध्ये दिल्ली व हरियाणाच्या कंपनी निबंधकाने लिंक्डइनच्या भारतीय कंपनीच्या संदर्भात मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांना लाभार्थी मालक ठरवून दंड केला. समभागांची मालकी नसतानाही नियंत्रणावरून व्यक्तीचा शोध घेता येतो, हे या आदेशातून दिसले.

नामधारी संचालक

खाजगी कंपनीला किमान दोन संचालक लागतात. ही संख्या भरण्यासाठी घरातील व्यक्तीचे, प्रसंगी नोकराचे किंवा वाहनचालकाचे नाव घातले जाते. अंधेरीतील गाळ्यात चालणाऱ्या लहान कंपनीलाही कायदा तोच आहे. व्यवसायात प्रत्यक्ष भाग न घेणाऱ्या संचालकालाही अपात्रतेची झळ लागते: कंपनीने तीन वर्षे हिशेब न दिल्यास तो पाच वर्षे अपात्र ठरतो व अन्य कंपन्यांतील त्याचे पदही जाते. डिजिटल स्वाक्षरीचे उपकरण सल्लागाराकडे ठेवल्यास संचालकाच्या नकळत कागदपत्रे दाखल होण्याचा धोका असतो.

पडताळणीची मर्यादाही येथेच दिसते. कागदपत्रे व्यक्तीचीच आहेत, एवढे तिच्यामुळे कळते. त्या व्यक्तीने काय समजून संमती दिली, हे कळत नाही.

अन्य देशांत

ब्रिटनमध्ये २०१६ पासून कंपनीवर लक्षणीय नियंत्रण असलेल्या व्यक्तींची नोंद ठेवली जाते. तेथे किमान हिस्सा पंचवीस टक्क्यांहून अधिक आहे. २०२३च्या कायद्यानुसार १८ नोव्हेंबर २०२५ पासून संचालक व नियंत्रक यांची ओळख पडताळणी टप्प्याटप्प्याने बंधनकारक करण्यात आली.