जनुकीय उपचार: आशा आणि निधीचा प्रश्न

एखादा उपचार गुणकारी ठरला म्हणजे तो रुग्णापर्यंत पोहोचतोच, असे नाही. जनुकीय उपचाराचा इतिहास हेच दाखवतो. त्यासाठी आपण एकाच आजाराचा मागोवा घेऊ.

'एडीए' या विकराच्या जन्मजात अभावामुळे रोगप्रतिकारक पेशी नष्ट होतात आणि साधा संसर्गही बालकाच्या जिवावर बेततो. १४ सप्टेंबर १९९० रोजी अमेरिकेत बेथेस्डा येथे हा आजार असलेल्या चार वर्षांच्या मुलीला तिच्याच पांढऱ्या पेशी निर्दोष जनुक घालून परत देण्यात आल्या. मात्र विकराची इंजेक्शनेही चालू असल्याने सुधारणेचे श्रेय नेमके कशाला द्यावे, हे स्पष्ट झाले नाही. तरीही मोठी आशा निर्माण झाली.

१९९९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील एका वेगळ्या आजारावरील चाचणीत १८ वर्षांचा तरुण दगावला. त्यानंतर पॅरिसच्या चाचणीत बरी झालेली काही मुले रक्ताच्या कर्करोगाने आजारी पडली. क्षेत्रावरचा विश्वास डळमळला.

या काळात मिलानमधील शास्त्रज्ञांनी एडीएवरील काम चालू ठेवले. त्यांना 'टेलेथॉन' या इटालियन धर्मादाय संस्थेचा, म्हणजे सामान्य लोकांच्या देणग्यांचा, आधार होता. त्यांनी मूळपेशींतच जनुक घातले. हा उपचार पुढे ग्लॅक्सो कंपनीकडे गेला आणि २०१६ मध्ये 'स्ट्रिमव्हेलिस' नावाने त्याला युरोपात मान्यता मिळाली. किंमत होती सुमारे ५,९४,००० युरो. पण युरोपात असे रुग्ण वर्षाला जेमतेम १५. ग्राहकच इतके थोडे, तर नफा कुठून येणार? २०१८ मध्ये ग्लॅक्सोने तो ऑर्चर्ड कंपनीला दिला; २०२२ मध्ये तिनेही अंग काढून घेतले. अखेर २०२३ मध्ये टेलेथॉननेच ही जबाबदारी स्वीकारली. औषध देणगीतून जन्मले आणि देणगीकडेच परतले.

भारतात राष्ट्रीय दुर्मिळ रोग धोरणानुसार (२०२१) मिळणाऱ्या मदतीची मर्यादा २०२२ मध्ये ५० लाख रुपये झाली. मेरुरज्जूजन्य स्नायुक्षयावरील 'झोलजेन्स्मा'ची अमेरिकेतील किंमत मात्र २१.२५ लाख डॉलर होती. दुसरीकडे, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये हिमोफिलिया 'ए'च्या ५ रुग्णांवर झालेल्या जनुकीय उपचाराचे उत्साहवर्धक निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

म्हणून विद्यार्थ्यांनी विचार करावा: ज्या औषधाला बाजारपेठ नाही, त्याचा खर्च कंपनीने, शासनाने की समाजाने उचलावा?