बॅकगॅमन : पट आणि पहिले धडे

बॅकगॅमनचा पट घेताना नक्षीला भुलू नये. सोंगट्या मांडून पाहाव्यात. त्रिकोणी घरात पाच सोंगट्या ओळीने मावल्या आणि शेजारच्या घरावर चढल्या नाहीत, तर माप योग्य. बनातीच्या अस्तराने फाशांचा खडखडाट कमी होतो. लाकडी पटाच्या चाहत्यांना मात्र तोच हवा असतो!

घरे २४, सोंगट्या प्रत्येकी १५. सर्व सोंगट्या आपल्या शेवटच्या सहा घरांत आणून आधी बाहेर काढणारा जिंकतो. एकटी सोंगटी मारली जाते, जोडी सुरक्षित. पहिलेच दान तीन-एक पडल्यास शेवटाकडून मोजता आठव्या व सहाव्या घरातील एकेक सोंगटी पाचव्यात आणावी.

१९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये दुपटीचा फासा आला. दुप्पट पैज नाकारल्यास डाव तिथेच जातो. तरीही जिंकण्याची शक्यता २५ टक्क्यांहून कमी वाटल्यास नाकारावीच.