प्लीहा : काढल्यानंतरचा इतिहास

माळव्यातील आपल्या जुन्या घरांत ‘पाणथरी’ हा शब्द वडीलधाऱ्यांच्या तोंडी असे. हिवतापाने खंगलेल्या मुलाच्या डाव्या बरगडीखाली हाताला लागणारी वाढ, ती पाणथरी. आयुर्वेदाने त्या विकारास ‘प्लीहोदर’ म्हटले. खेड्यापाड्यांत पोटावर डागण्या दिल्या जात. इंग्रजी अमदानीत, १८४० च्या दशकात, डॉ. डेम्प्स्टर यांनी यमुनेच्या कालव्यांकाठच्या गावांत वाढलेल्या प्लीहांची गणना करून हिवतापाचे प्रमाण ठरविले. प्लीहा ही अशी रोगाची खूण ठरली. तिचे कार्य मात्र दुर्लक्षित राहिले.

ती काढल्यावरही माणूस जगतो, म्हणून ती निरुपयोगी असा समज रूढ झाला होता. १९५२ साली अमेरिकेत किंग व शूमेकर यांनी प्लीहा काढलेल्या पाच अर्भकांच्या गंभीर जंतुसंसर्गाची नोंद प्रसिद्ध केली आणि त्या समजास तडा गेला. रक्तातील जंतू गाळणारी ही चौकी उठली, की साधा भासणारा ताप काही तासांत प्राणघातक ठरू शकतो.

योगायोग असा, की १९५२ सालीच निलगिरीच्या आदिवासींत सिकलसेल आढळल्याचे प्रसिद्ध झाले. धार जिल्ह्यातील आदिवासी समाजांतही हा आनुवंशिक रोग आहे. त्यात कित्येकांची प्लीहा शस्त्राविना आतल्या आत निकामी होते. काहींच्या प्लीहेत एकाएकी रक्त साठते व वारंवार तसे झाल्यास ती काढावी लागते. देवासवरून जाणाऱ्या आग्रा-मुंबई मार्गासारख्या रस्त्यांवरील अपघातांत ती फुटते, तेव्हाही कधी कधी हाच उपाय उरतो.

अशा व्यक्तीचे आयुष्य एरवी सर्वसामान्यच असते. पथ्य तेवढे जन्माचे. शक्यतो शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस व हिमोफिलस यांच्या लसी घ्याव्यात, पुढे ठरल्या वेळी पुन्हा. लहान मुलांना पेनिसिलिन दीर्घकाळ द्यावे लागते. डास व कुत्र्याचा चावा यांपासून जपावे. ताप आला, तर काढा घेऊन रात्र काढू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. १७ सप्टेंबर २०२५ रोजी राज्यातील एक कोटीवे तपासणीपत्र धार जिल्ह्यातच दिले गेले. त्या पत्राबरोबरच ‘प्लीहा नाही’ एवढे दोन शब्दही ज्याच्या-त्याच्या खिशात असावेत. बेशुद्ध माणसाला आपला इतिहास सांगता येत नाही.